दहा नंबरची सुई आणि टोकियोतली लोकर

टोकियोहून येताना मी लोकरीच्या अकरा गुंड्या आणल्या. अकरा रंगांच्या, अकरा जातींच्या, आणि त्यातल्या एकीचंही धड टोपडं होत नाही. नाशकात रविवार कारंजावरच्या आमच्या नेहमीच्या लोकरवाल्या काकांना कौतुकाने दाखवायला नेल्या. त्यांनी एकेक गुंडी दाबून पाहिली, कानाशी नेऊन चुरली (ही त्यांची सवय, का ते आजवर कळलेलं नाही) आणि म्हणाले, "ताई, सँपलं आणलीत होय?"

आमच्या विणकामाच्या गटातल्या दोघी नोव्हेंबरात जपानला निघाल्या आहेत. गंगापूर रोडवर दर गुरुवारी जमतो तेव्हा त्यांचं एकच, कुठे जाऊ, काय आणू. तोंडी सांगून सांगून दमले, म्हणून लिहूनच काढते.

लेक टोकियोत निशिकासाईला राहते. तिथे आपली माणसं इतकी आहेत की पहिल्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये "काकू, कोणत्या गावच्या?" झालं. एप्रिल-मे मिळून तीन आठवडे होते. पहिली चूक इथेच. लोकरीसाठी जायचं तर एप्रिल-मे हा महिना नव्हे. तिकडची दुकानं ऋतू पाळतात. उन्हाळा तोंडावर आला की पुढच्या फळ्यांवर सुती आणि लिननचे धागे येतात, लोकर मागे कोपऱ्यात जाते. कोपऱ्यातल्या त्या मालावर सूट असते हे खरं, पण रंग उरलेसुरले. ऑक्टोबरनंतर जाणाऱ्यांना पूर्ण माल बघायला मिळेल, त्यामुळे आमच्या दोघी नशीबवान.

सगळे आधी निप्पोरीच्या 'फॅब्रिक टाउन'ला पाठवतात. मीही गेले. यामानोते लाइनवर उएनोच्या पुढचं दुसरं स्टेशन, पूर्वेच्या बाजूने बाहेर पडायचं. जवळजवळ एक किलोमीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना मिळून नव्वदच्या आसपास दुकानं. आपली कापड पेठ उचलून सरळ रेषेत मांडली आणि झाडून पुसून घेतली तर जशी दिसेल तशी. पण नावाप्रमाणे ती कापडाचीच पेठ. लोकर शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. त्यातून मी गेले रविवारी, निम्मी शटरं खाली. शिवणकाम करणाऱ्यांनी जरूर जावं, पण रविवार सोडून. मी तिथून फक्त बटणं घेतली. लाकडी, शिंपल्याची, कोटाची. स्वेटरला अशी बटणं मेन रोडवर शोधून सापडत नाहीत, त्यामुळे फेरी अगदीच फुकट गेली असं नाही. लहान दुकानांसाठी रोख येन जवळ ठेवा. पैसे हातात द्यायचे नाहीत, गल्ल्यापुढे छोटा ट्रे असतो त्यात ठेवायचे. मी तीनदा हात पुढे केला आणि तिन्ही वेळा त्या बाईंनी हसून ट्रे सरकवला.

लोकर बघायची तर शिंजुकूला ओकादाया हे दुकान किंवा युझावाया या दुकानाची कुठलीही मोठी शाखा. शिंजुकू स्टेशनात मी अर्धा तास हरवले. पूर्वेकडचं दार धरा आणि नजर पाटीवरून हलवू नका, एवढंच सांगते. दुकानात मात्र हरवायला बरं वाटतं. प्रत्येक लोकरीच्या कप्प्यापुढे त्याच लोकरीचा विणलेला छोटा चौकोन लटकवलेला असतो. गुंडीत रंग एक दिसतो आणि विणल्यावर भलताच निघतो, हे आपल्याला आठ इंच विणून झाल्यावर कळतं, तिथे घेण्याआधीच कळतं. मी ते चौकोन ताणून, उलटून, गालाला लावून पाहिले. कोणी काही बोललं नाही. फोटो काढायला मात्र बऱ्याच ठिकाणी मनाई असते, आधी विचारा.

आता लेबल, कारण खरी विद्या तिथेच आहे. जपानी येत नसलं तरी चालतं. ग्रॅम आणि मीटर आकड्यांत असतात. सुईचं आणि क्रोशाच्या हुकाचं चित्र असतं, त्याशेजारी नंबर. एक चौकोन असतो, त्यात १० सेंटिमीटरला किती टाके आणि किती ओळी ते. लॉट नंबर असतो, म्हणजे गुंडी कोणत्या रंगवणीतली ते. राहिला प्रश्न लोकर अस्सल की अ‍ॅक्रिलिक. त्यासाठी लेकीने मला एकच अक्षर शिकवलं, लोकरीचं. वर एक तिरकी रेघ, खाली दोन आडव्या, आणि मधून उभी रेघ येऊन उजवीकडे शेपटीसारखी वळते. शेपटी दिसली आणि पुढे १०० टक्के असेल तर डोळे मिटून घ्या. मी ते अक्षर तळहातावर पेनाने काढून हिंडत होते. जावयांनी मोबाइलवर भाषांतराचं अ‍ॅप टाकून दिलं होतं, पण हात जास्त उपयोगी पडला.

आणि तरी फसले. सुयांमध्ये.

आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या विलायती हिशेबाने चालतात. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे ३.२५, बारा म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक. बाळाचा स्वेटर म्हटलं की हात आपोआप दहा नंबरकडे जातो. तिथे बांबूच्या सुयांचा सुरेख जोड दिसला, पाकिटावर १०. घेतला. नाशकात येऊन उघडला तर सुया कसल्या, लाटण्याच्या धाकट्या बहिणी! जपानी नंबर उलटे चालतात. नंबर वाढला की सुई जाड. त्यांची दहा नंबर म्हणजे ५.१ मिलिमीटर. आपल्या आठ नंबरच्या जवळ जाते ती त्यांची सहा नंबर, ३.९ मिलिमीटर. आपल्या दहासाठी त्यांची चार नंबर, ३.३. क्रोशाच्या हुकांना तिसरीच तऱ्हा, ५/० म्हणजे ३ मिलिमीटर, ६/० म्हणजे साडेतीन, ७/० म्हणजे चार, आणि ८/० एकदम पाच. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. तोही पाकिटावर बारीक अक्षरात असतोच, मी चष्मा पर्समधून काढला नाही हा माझा दोष. हूक घ्यायचे तर क्लोव्हर किंवा ट्यूलिपचे घ्या. ट्यूलिप ही हिरोशिमाची कंपनी. रबरी मुठीचा त्यांचा हूक धरून मी सलग तीन तास क्रोशा करते आणि अंगठा दुखत नाही. या वयात ही मोठी गोष्ट.

किचिजोजीचा दिवस सगळ्यात सुखाचा गेला. निशिकासाईहून तोझाई लाइनच्या काही गाड्या थेट तिथे जातात, मिताकाची गाडी पकडायची. तिथे आव्रिल म्हणून क्योतोच्या धाग्यांचं छोटं दुकान आहे. धागा कोनवर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर असतो आणि दहा-दहा ग्रॅमच्या हिशेबाने तोलून मिळतो. सराफ बाजारात सोनं तोलतात तसं, आणि भाव ऐकल्यावर तसंच वाटतंही. वेगवेगळे तीन-चार धागे निवडायचे, दुकानातली मुलगी ते एकत्र धरून यंत्रावर एका कोनावर गुंडाळून देते. मी पांढरं बारीक सूत, राखाडी लोकर आणि मधेमधे गाठी असलेला एक मोरपिशी धागा निवडला. तिने मोरपिशी धाग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेजारचा थोडा मळकट निळा पुढे केला. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण नणंद जशी साडी निवडताना "हा नको गं" म्हणते तोच चेहरा. मी तिचं ऐकलं. ५० ग्रॅम घेतलं. त्या अकरांतली हीच एक गुंडी मला आजही पटते.

बाकीच्या दहा कशा जमल्या? अशाच. तिथल्या गुंड्या लहान असतात, ३०, ४०, फार तर ५० ग्रॅमच्या. दिसायला पेढ्यासारख्या. "एकच घेऊ" असं दहा वेळा म्हटलं की दहा होतात. गुंडीला पाचशे-सातशे येन, म्हणजे आपले तीन-चारशे रुपये, त्यामुळे एकीने खिसा फाटत नाही, सगळ्या मिळून फाडतात. म्हणून सांगते, निघण्यापूर्वी ठरवा काय विणायचं आणि मीटर लिहून न्या. ग्रॅम नव्हे, मीटर. त्यावर एक गुंडी जास्त धरा. उदाहरणार्थ, हामानाकाची अमेरी ही लोकर, ४० ग्रॅममध्ये ११० मीटर. बाईमाणसाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला आठ गुंड्या लागतील असा अंदाज असेल तर नऊ घ्या. सगळ्यांचे लॉट नंबर दुकानातच जुळवा, कारण तुम्ही काही बदलून घ्यायला पुन्हा टोकियोला जाणार नाही.

पासपोर्ट पर्समध्ये ठेवा. एका दुकानात एका दिवशी करापूर्वी ५००० येनची खरेदी झाली तर करमुक्त विक्री करणाऱ्या दुकानात १० टक्के कर वाचतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते. आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत मिळवायचा. आमच्या दोघींचं जाणं नेमकं त्याच सुमाराचं आहे, तेव्हा विमानतळावर वेळ हाताशी ठेवा. लोकर वजनाला हलकी पण जागा खाते. हवा काढायच्या पिशव्या न्या, सुया आणि हूक मोठ्या बॅगेत टाका.

शंभर येनच्या दुकानांतही (करासकट ११०) लोकर असते, बहुतेक अ‍ॅक्रिलिक. स्वेटरला नको. तिकडच्या बायका तिची भांडी घासायची घासणी विणतात, क्रोशाची, फुलाच्या आकाराची. लेकीच्या सिंकपाशी अशीच एक होती. मी तशा चार करून इथे वाटल्या. मैत्रिणींनी कौतुक केलं आणि शोकेसमध्ये ठेवल्या.

पुस्तकं घ्याच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोनशे-तीनशे येनला विणकामाची चांगली पुस्तकं मिळतात. भाषेची भीती नको, सगळं चित्रात असतं आणि खुणा ठरलेल्या. साखळी म्हणजे लंबगोल, मुका खांब म्हणजे फुली, खांब म्हणजे आडवा छेद दिलेला टी. सुयांच्या नमुन्यात सुलट म्हणजे उभी रेघ, उलट म्हणजे आडवी. एक ध्यानात ठेवा, चित्र नेहमी सुलट बाजूचं असतं, त्यामुळे मागच्या ओळीत उभ्या रेघेला उलट टाका घालायचा. पहिल्या दिवशी मी हे विसरले आणि जाळीच्या जागी गोणपाट विणलं.

राहिला तो बाळाचा स्वेटर. बहिणीच्या नातवासाठी राखाडी अमेरीच्या पाच गुंड्या आणल्या होत्या, या अकरांखेरीज. पाठ झाली, दोन्ही पुढे झाले, गळपट्टी झाली, आणि लोकर संपली. सहावी गुंडी मी हातात घेऊन परत ठेवली होती, उगाच कशाला म्हणून. मग पुन्हा रविवार कारंजा. काकांनी तुकडा दारात उजेडाला धरला, आतून चार राखाडी गुंड्या काढल्या, एकही जुळेना. शेवटी म्हणाले, जुळवू नका, लाल घ्या. आता निफाडच्या थंडीत ते पोर अंगात टोकियो आणि हातांत रविवार कारंजा घालून फिरतं, आणि बहिणीला वाटतं बाह्या मुद्दाम लाल केल्या आहेत.