आमची वाटचाल : कार्डाची कोरी बाजू

2013 साली मी पुण्यात जर्मनच्या शिकवण्या घेत होते आणि माझ्या दिरांचा नारायण पेठेत छापखाना होता. लग्नपत्रिकांचा हंगाम सरला की मशीन बसून असायचं. त्या रिकाम्या दिवसांत शब्दांची कार्डं छापून बघू, इतकाच विचार होता.

पहिल्या संचात आम्ही होतं नव्हतं ते सगळं ओतलं. एकाच बाजूला जर्मन शब्द, चित्र, इंग्रजी अर्थ, मराठी अर्थ आणि वर चकचकीत लॅमिनेशन. कार्डं देखणी झाली, खपलीही. महिन्याभराने माझ्याच वर्गात मी ‘चमचा’ विचारला, तर सगळे गप्प. कार्ड दाखवलं की एका सुरात, “हो मॅडम, येतो की हा!” त्यांना शब्द ओळखता येत होता, आठवत नव्हता. उत्तर समोरच असलं की डोक्याला शोधायला काही उरत नाही, आणि शब्द पक्का होतो तो शोधण्यातच. हे मी वर्गात सांगत आले होते, तरी कार्डावर विसरले.

मग अर्थ मागच्या बाजूला नेला आणि त्याखालची निम्मी जागा कोरी ठेवायचं ठरवलं. तिथे ज्याने त्याने स्वतःचं वाक्य लिहायचं. भावजींना ते पटेना. “वहिनी, कोऱ्या जागेचे पैसे लोक का देतील?” पण घरातल्या माणसांची नावं घालून लिहिलेलं वाक्य मुलं विसरत नव्हती, हे मी रोज बघत होते. लॅमिनेशनवर शाई पुसली जाते म्हणून ते काढलं आणि 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) साधा जाड कागद घेतला. कोपरे मात्र अजून गोलच कापतो, पिशवीत दुमडत नाहीत.

संचाबरोबर पाच कप्प्यांचा पुठ्ठ्याचा डबा देतो. ही कल्पना पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांची, 1972 सालची. आलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पाचवा महिन्यातून एकदा. पाठ केलेलं सुरुवातीला झरझर विसरतं आणि मग वेग मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये मांडलं होतं. डबा त्याच हिशेबाने चालतो. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटच्या ए-वन या पहिल्या पातळीच्या यादीत सुमारे 650 शब्द आहेत, बी-वन या तिसऱ्या पातळीच्या यादीत सुमारे 2400. एवढे शब्द रात्र जागून डोक्यात राहत नाहीत.

आमचा खरा जीव आहे तो मराठीत. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला तीन लिंगं जाचतात, आपल्याला तो, ती, ते जन्मापासून ठाऊक. मुलगी म्हणजे ‘मेडशन’ नपुंसकलिंगी कशी, असं कुणी विचारलं की मी म्हणते, आपलं ‘ते पोरगं’ आठवा. अर्थात लिंगं जुळतीलच असं नाही. चमचा तिकडेही ‘तो’, पण काटा ‘ती’ आणि सुरी ‘ते’. म्हणून पुल्लिंगी कार्डाला निळी कड, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवी. काही शब्द तर नात्यातलेच निघतात: ‘नाझे’ म्हणजे नासिका, ‘राड’ म्हणजे चाक, आपल्या रथाचा भाऊबंद. बैलाच्या मानेवरच्या जूला ‘योख’ म्हणतात हे शेतकऱ्याघरच्या मुलाला एकदा सांगितलं की पुरतं. जिथे असं नातं नाही तिथे ओढूनताणून जोडायला मी तयार नसते. आणि ‘गिफ्ट’ म्हणजे विष, या कार्डाला आम्ही चौफेर काळी चौकट दिली आहे.

2020 मध्ये वर्ग बंद पडले आणि एका मोठ्या क्लासने छापून तयार असलेले संच घेतलेच नाहीत. ते वर्षभर पोस्टाने एकेक करून विकले. त्यातूनच लातूर, नांदेड, चंद्रपूरच्या नर्सिंगच्या मुली आमच्याशी जोडल्या गेल्या. पुढे 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा त्यांचे फोन वाढले.

सध्या त्यांच्यासाठी वॉर्डातल्या शब्दांचा संच करतो आहोत: इंजेक्शन, पट्टी, सलाइन, कुठे दुखतंय. तिकडे नोकरीला लागलेल्या दोघी जणी मसुदा तपासतात. मागच्या आठवड्यात त्यांनी ‘श्प्रिट्से’चं, म्हणजे इंजेक्शनचं, कार्ड परत पाठवलं. शब्द बरोबर आहे मॅडम, पण नमुन्याचं वाक्य बदला, पेशंटशी असं कुणी बोलत नाही.