उन्हाळी इंटर्नशिप, पण अर्धी पावसात

गोव्यातल्या मे ते जुलैच्या इंटर्नशिपला उन्हाळी म्हणायचं ते नावापुरतं. परीक्षा आटोपून मुलं मोकळी होईपर्यंत मेचा मध्य उजाडतो आणि मोसमी पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास इथे पोचतो. आठ आठवड्यांत कोरडे मिळतात ते जेमतेम तीन. तरी आराखडा बहुतेक ठिकाणी ठरलेला: आधी वाचन, मग डिझाईन, मग कोड आणि शेवटी ‘फील्ड टेस्टिंग’. ते शेवट म्हणजे जुलै, जेव्हा बांधावर धड उभंही राहता येत नाही. प्रकल्पात बाहेरचं मोजमाप असेल तर हा क्रम सरळ उलटा करावा. वाचन काय, भर पावसात घरी बसूनही होतं.

खाजनाचं उदाहरण घेऊ, कारण असे प्रकल्प दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात येतात. ज्यांना खाजन ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खाडीकाठची ही शेतं भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली असतात आणि बांधात जागोजागी मानस, म्हणजे दारं बसवलेली मोरी, असते. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मानशीची दारं मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. दार नीट मिटलं नाही तर खारं पाणी आत शिरतं. कोरगुट भात थोडा खारटपणा सोसतं, पण सोसण्यालाही मर्यादा आहे.

यावर विद्यार्थी जो प्रस्ताव आणतो त्याचं नाव असतं ‘खाजन शेतीसाठी स्मार्ट व्यवस्थापन प्रणाली’. असं काही समोर आलं की मेंटरने कागद परत द्यावा आणि एकच वाक्य मागावं: काय मोजणार, कुठे, किती वेळाने, किती दिवस आणि त्यातून कोणता प्रश्न सुटणार. छाटून छाटून वाक्य असं व्हायला हवं: मानशीच्या आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी दर १५ मिनिटांनी, सलग एक महिना नोंदवायची आणि भरतीच्या वेळी आतली पातळी चढते का ते पाहायचं. चढत असेल तर दार गळतंय. मोबाईल ॲप नाही, डॅशबोर्ड नाही, ‘एआय’ तर नाहीच. दोन माणसांचे तेवढेच आठ आठवडे यात सहज जातात, एकाचे तर नक्कीच.

आता मे का? पावसात आतली पातळी डोंगराच्या पाण्यानेही चढते. मग गळती कोणती आणि पाऊस कोणता हे वेगळं काढता येत नाही. कोरड्या दिवसांतल्या दहा-बारा दिवसांच्या नोंदी हाताशी असल्या तरच जूनच्या आलेखाला अर्थ येतो. त्यातही एक मेख आहे. मासे आत घेण्यासाठी मानस मुद्दाम उघडतातही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, तो ज्याने घेतला असेल त्याला आणि कुळांच्या संघटनेला विचारल्याशिवाय भिंतीला एक स्क्रूही लावू नये. परवानगी मागताना दार कधी उघडलं हे व्हॉट्सॲपवर कळवाल का, तेही विचारून घ्यावं. हे बोलणं मेंटरने इंटर्न यायच्या आधीच उरकावं. वीस वर्षांच्या मुलाला एकट्याला पाठवून ‘बघ, काका काय म्हणतात’ असं करू नये.

सामानाचंही तसंच. ईएसपी-३२ बोर्ड (हाच छोटा संगणक), पाण्यापासून सुरक्षित असे आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे दोन जेएसएन-एसआर०४टी अल्ट्रासॉनिक सेन्सर, डीएस३२३१ घड्याळ, मायक्रोएसडी मॉड्यूल, १८६५० सेल, हवाबंद डबा, वायर डब्यात शिरते तिथे पाणी अडवणारी केबल ग्लँड. किरकोळ धरून तीन-चार हजारांच्या घरात बसतं. मडगाव-पणजीच्या दुकानांत रेझिस्टर, वायरी, डबे मिळतील. नेमका हवा तोच सेन्सर मिळेल याची खात्री नाही आणि ऑनलाईन मागवला तर पाच-सात दिवस गेलेच. आठ आठवड्यांतला एक आठवडा कुरिअरची वाट बघण्यात घालवणं परवडत नाही, म्हणून सामान एप्रिलअखेर कपाटात हवं आणि प्रत्येक वस्तूचा एक नग जादा हवा. पैसे इंटर्नने भरायचे नाहीत, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. निदान बसभाडं तरी द्या. वाळपईहून किंवा काणकोणहून रोज येणाऱ्या मुलाचा खर्च थोडा नसतो.

मेंटरने काय आधी सांगावं आणि काय मुलाला सापडू द्यावं, हा या कामातला खरा कौशल्याचा भाग. माझा नियम साधा आहे: ज्या चुकीने वस्तू जळते किंवा माणसाला इजा होते ती आधीच सांगायची, ज्या चुकीने फक्त आकडा चुकतो ती सापडू द्यायची. सेन्सर ५ व्होल्टवर चालवला तर त्याच्या एको पिनवरही (प्रतिध्वनीचा संकेत देणाऱ्या) ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी-३२ चे पिन ३.३ व्होल्टचे. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा व्होल्टेज-विभाजक लावायचा, हे पहिल्याच दिवशी सांगावं. डीएस३२३१ च्या काही स्वस्त मॉड्यूलवर बटण-सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ घालून मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले तर तो सेल फुगू शकतो. त्या सर्किटातला रेझिस्टर काढून टाकावा किंवा मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवावं. हेही सांगून टाकावं.

तापमानाचं मात्र सांगू नये. आवाजाचा वेग २५ अंशांना सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, ३५ अंशांना ३५२ च्या पुढे. दोन मीटर अंतरावर या फरकाने साडेतीन सेंटिमीटरची चूक होते. दुपारी पाणी आपोआप वर आल्यासारखं दिसतं आणि पहाटे खाली गेल्यासारखं. मुलगा आलेख काढून हे स्वतः पकडतो तेव्हा जे शिकतो ते दहा लेक्चरांत येत नाही. पकडता आलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात हळूच विचारावं: दुपारी भरती नसताना पाणी का वाढतंय?

कोडमधली एक चूक इतकी ठरलेली आहे की तिची वाटच बघावी. इंटरनेटवरून किंवा चॅटबॉटकडून आणलेल्या कोडमध्ये ‘पल्सइन’ हे प्रतिध्वनीची वेळ मोजणारं फंक्शन वापरलेलं असतं. ठरलेल्या वेळेत प्रतिध्वनी आला नाही तर ते शून्य परत देतं. तो शून्य सरासरीत मिसळला की अंतर कमी दिसतं; अंतर कमी म्हणजे पाणी जास्त, आणि मग कोरड्या रात्री दोन वाजता मानशीला पूर आल्याची नोंद होते. उपाय असा की एका वेळी १५ वाचनं घ्यायची, शून्य टाकून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी न काढता मध्यक घ्यायचा आणि किती वाचनं टाकली तो आकडाही त्याच ओळीत लिहायचा. दोन सेन्सर एकदम चालवायचे नाहीत, एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जातो. मध्ये किमान ६० मिलिसेकंद जाऊ द्यावेत.

बसवतानाची गोष्ट वेगळी. या सेन्सरला २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं काही कळत नाही. म्हणून तो उधाणाच्या भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर तरी वर हवा. ती रेषा भिंतीवरच्या शेवाळावरून आणि चिकटलेल्या शिंपल्यांवरून दिसते. खात्रीसाठी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास एकदा जाऊन बघावं. भांगेच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाहणी करून उंची ठरवली तर आठवड्याभराने सेन्सर पाण्यात असतो. भरतीच्या वेळा मुरगाव बंदराच्या कोष्टकातून काढता येतात, पण खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा चढतं; किती उशिरा ते मोजूनच कळतं. शिवाय भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा फील्डच्या दिवशी दहा ते पाचची हजेरी मागणाऱ्या कॉलेजशी आधीच बोलून ठेवावं. सेन्सर भिंतीपासून अर्धा मीटर तरी लांब काढावा, नाहीतर तो पाण्याऐवजी दगडच मोजत बसतो. शेजारी रंगवलेली एक मोजपट्टी रोवावी आणि प्रत्येक फेरीला डोळ्यांनी वाचून वहीत लिहावं. यंत्रावर विश्वास ठेवायचा की नाही ते ही पट्टी सांगते.

बांधावर एकट्याने जायचं नाही. शेवाळावरून पाय सटकतो, विजा चमकत असल्या तर तिथे थांबायचंच नाही, आणि कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला काम असेल तर तिथे मगरी आहेत, हे विसरू नये.

बॅटरीचा हिशेब मुलाकडून कागदावर करून घ्यावा. चिपच्या माहितीपत्रकात डीप स्लीपमध्ये (दोन नोंदींमधल्या झोपेत) १० मायक्रोअँपिअर लिहिलेलं असतं, त्यावर विसंबून मुलं ‘सर, सेल वर्षभर जाईल’ म्हणतात. प्रत्यक्षात बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप, लाल दिवा आणि चालूच राहिलेले दोन सेन्सर मिळून झोपेतही १०-१५ मिलिअँपिअर खातात. २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्या हिशेबाने आठ-दहा दिवसांत संपतो. मल्टिमीटर मालिकेत जोडून मोजलं की फरक दिसतो, मग सेन्सरचा पुरवठा मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडायचं आपोआप सुचतं. झोपेतली वेळ राखायला ईएसपी-३२ चं आतलं घड्याळ कामाचं नाही, ते रोज मिनिटांनी भटकतं. भरतीची वेळ हाच जिथे प्रश्न आहे तिथे डीएस३२३१ हवंच. नोंदी मोबाईल नेटवर्कवरून पाठवणारं सिमकार्डाचं मॉड्यूल पहिल्या वर्षी नको. ते क्षणभर का होईना २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं आणि मग पुरवठा सांभाळण्यातच महिना जातो. दर आठवड्याला जाऊन मेमरी कार्ड काढून आणा.

पावसाआधी डब्यात सिलिका जेलची पुडी, ग्लँडची तोंडं खाली, केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोल. सोल्डरच्या सांध्यांवर नेलपॉलिशचा हात फिरवला तरी चालतो. खाऱ्या हवेत उघडं तांबं महिन्याभरात हिरवं पडतं.

आता माणसांकडे. एका मेंटरकडे दोनपेक्षा जास्त इंटर्न नकोत आणि एका प्रकल्पाला दोन मेंटर हवेत, कारण मे महिना लग्नांचा. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी भेट: सोमवारी वीस मिनिटं, गुरुवारी पाऊण तास. याशिवाय रोज संध्याकाळी तीन ओळी लिहून पाठवायच्या: आज काय झालं, कुठे अडलं, उद्या काय. तिन्ही ओळी ‘काम चालू आहे’ अशाच आल्या की समजावं, मूल दोन दिवस अडलंय आणि सांगायला लाजतंय. आपल्याकडे सरांना प्रश्न विचारणं म्हणजे अक्कल काढून घेणं, असा मुलांचा समज असतो. म्हणून ‘अडलं तर विचार’ एवढं पुरत नाही, नियमच घालून द्यावा: दोन तास अडलं तर विचारायचंच, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि काय करून पाहिलं, एवढं लिहून. मेंटरनेही त्याच दिवशी उत्तर द्यावं. आणि कीबोर्ड हातात घेऊन स्वतःच कोड लिहून टाकायचा मोह आवरावा. चांगल्या इंजिनिअरांना हा रोग हमखास असतो.

गूगल समर ऑफ कोड हा नवख्यांना मेंटरच्या हाताखाली मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम देणारा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. त्यातल्या दोन गोष्टी उचलाव्यात अशा आहेत. कोड सुरू होण्याआधी ओळख करून घेण्याचा काही आठवड्यांचा काळ, आणि मध्यावर होणारं खरोखरीचं मूल्यमापन, ज्यात नापासही होता येतं. तिथे प्रकल्पाचं माप ९०, १७५ किंवा ३५० तास असं सांगतात. आपले आठ आठवडे कागदावर ३२० तास भरतात, पण निकाल, फॉर्म, ताप आणि बंद पडलेली बस वजा करता २४० धरावेत. चौथ्या आठवड्याच्या शेवटी बसून काय गाळायचं ते ठरवा. गाळलेलं यादीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलाला विषय शोधावा लागणार नाही.

नोंदींचे दोन फोल्डर: एक कच्चा, ज्याला कोणी हात लावायचा नाही, दुसरा साफ केलेला, आणि तो कोडनेच तयार झालेला, एक्सेलमध्ये हाताने नाही. गिटवर (कोडचे बदल जपणाऱ्या साधनात) रोज कमिट, म्हणजे त्या दिवसाच्या बदलांची नोंद. वायरिंगचा फोटो प्रत्येक बदलानंतर.

सातव्या आठवड्यात नवं काहीही सुरू करू नये. आठव्यात, या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी फक्त रीडमी (प्रकल्पासोबतची माहितीची फाईल) वाचून कार्डातल्या नोंदींपासून आलेखापर्यंत जायला सांगावं, आणि इंटर्नने शेजारी गप्प बसून तो कुठे अडखळतो ते टिपावं. हे जुलैतच व्हायला हवं. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झालेले असतात, मागोमाग चवथ येते, मग फोन कोण उचलतो? डबा मानशीवर तसाच ठेवणार असाल तर सेल कोण बदलणार त्याचं नाव रीडमीतच घाला, आणि कोणी तयार नसेल तर शेवटच्या फेरीला पट्टीसकट काढून आणा. प्रमाणपत्रावर ‘समाधानकारक काम केले’ असं लिहू नका. काय मोजलं, किती दिवस आणि कोणता भाग एकट्याने केला ते लिहा. कॉलेजला तासांचा आकडा लागतो, तो फॉर्म पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.