कॅल्शिअम वाढलंय आणि पीटीएच ‘नॉर्मल’ आलंय?

मुतखडा झाला की सोनोग्राफी होते, औषध किंवा दुर्बीण होते, ‘पाणी भरपूर प्या’ असं सांगून पेशंटला घरी पाठवतात. दोन वर्षांनी पुन्हा खडा, पुन्हा तेच. पुण्यात अशा जाड फायली घराघरात सापडतील आणि त्यातल्या बऱ्याच फायलींत रक्तातल्या कॅल्शिअमचा आकडा एकदाही नसतो. खडा परत झाला असेल, साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल किंवा चाळिशीतच हाडं ठिसूळ निघाली असतील, तर हा आकडा बघायलाच हवा.

कारण त्यामागे पॅराथायरॉइड असू शकते. या चार ग्रंथी थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या असतात. एकेक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन साधारण ३० ते ५० मिलीग्रॅम. थायरॉइडशी त्यांचा संबंध शेजारापुरताच, त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी) चांगलं आलं म्हणून यांची खात्री होत नाही. (माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमने १८८० मध्ये केलं. त्याआधी रिचर्ड ओवेनला त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात दिसल्या होत्या!) रक्तातलं कॅल्शिअम घसरलं की त्या पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात. ते हाडातून कॅल्शिअम काढतं, मूत्रपिंडाला ते राखायला लावतं आणि ड जीवनसत्त्व कामाला लावून आतड्यातून जास्त शोषून घेतं. कॅल्शिअम पुरेसं झालं की ग्रंथींनी गप्प बसायचं असतं. त्या बसल्या नाहीत की तो आजार, हायपरपॅराथायरॉइडिझम.

रिपोर्ट वाचताना चूक होते ती इथेच. समजा कॅल्शिअम ११.२, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त, आणि पीटीएच ४८ आलं. लॅबने शेजारी १५ ते ६५ अशी मर्यादा छापलेली असते, ४८ पुढे काही खूण नसते, म्हणून ‘पीटीएच नॉर्मल आहे’ असं म्हणून कागद बाजूला पडतो. पण कॅल्शिअम ११.२ असताना निरोगी ग्रंथींनी पीटीएच तळाला नेलं असतं. इथलं ४८ हे जास्तच आहे. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच वेळी काढलेल्या रक्तावर करा आणि एकत्रच वाचा.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही मोजून मागवा. ते ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शिअममध्ये मिळवायचं. कॅल्शिअम १०.१ आणि अल्ब्युमिन ३.२ असेल तर खरा आकडा १०.७ च्या पुढे जातो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर कॅल्शिअम खोटं वाढतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर पीटीएच खोटं कमी येतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून त्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. लिथियम आणि थायाझाइड गटातली बीपीची गोळी यांनीही कॅल्शिअम वाढतं, ही नावं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कॅल्शिअम नॉर्मल आणि फक्त पीटीएच वाढलेलं असेल तर आधी ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) बघायचं. इतकं ऊन असूनही आपल्याकडे ‘ड’ची कमतरता घरोघरी आहे, आणि ती भरून काढल्यावर पीटीएच बहुधा खाली येतं. कॅल्शिअम आधीच वाढलेलं असताना मात्र ६०,००० युनिटची पुडी मनाने दर आठवड्याला घेऊ नका. तेव्हा रोजचा छोटा डोस आणि मधेमधे कॅल्शिअम तपासणं, हाच रस्ता.

२४ तासांची लघवी तपासणं कंटाळवाणं असतं, पण टाळू नका. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत थेंबन्‌थेंब कॅनमध्ये. लघवीतलं आणि रक्तातलं, दोन्हीकडचं कॅल्शिअम आणि क्रिएटिनिन मोजून त्यांच्या क्लिअरन्सचं गुणोत्तर काढतात. ते ०.०१ पेक्षा कमी असेल तर घराण्यातून आलेला, कॅल्शिअम वाढवणारा एक सौम्य प्रकार असू शकतो, आणि त्यात ऑपरेशनचा उपयोग होत नाही. ही पायरी गाळल्यामुळे माणसाची मान विनाकारण कापली जाते.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनला फक्त कंबर आणि खुबा करतात. पुढच्या हाताचं हाडही करून घ्या, या आजारात पहिला घाव तिथेच बसतो.

निदान रक्तावर होतं, स्कॅनवर नाही. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन फक्त वाढलेली ग्रंथी कुठे आहे ते दाखवतात. साधारण ८० ते ८५ टक्के पेशंटमध्ये एकच ग्रंथी गाठाळलेली असते, कॅन्सर अगदी विरळा. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तरी आजार असतोच.

कायमचा इलाज ऑपरेशन. कॅल्शिअम मर्यादेपेक्षा १ ने जास्त, वय पन्नाशीच्या आत, हाडांच्या घनतेचा टी स्कोअर उणे २.५ किंवा खाली, खडा, मणक्याचं फ्रॅक्चर, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ६० च्या खाली, यातलं एक असलं तरी ऑपरेशनचा विचार करावा. सर्जनला थेट विचारा, वर्षाला अशी किती करता? गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. पीटीएच निम्म्याहून जास्त उतरलं तर बहुधा काम झालं, नाहीतर उरलेल्या ग्रंथी शोधायच्या. सिनाकॅल्सेट हे औषध कॅल्शिअम उतरवतं, पण त्याने हाडं भरत नाहीत. जेवणातलं दूध, नाचणी, तीळ बंद करू नका, कॅल्शिअम तोडलं की पीटीएच आणखी चढतं. तोडायचा तो निर्जळी उपवास. हरतालिका असो वा एकादशी, कॅल्शिअम वाढलेलं असताना पाणी सोडणं धोक्याचं, आणि उन्हात वारी चालणाऱ्यांनीही बाटली रिकामी होऊ देऊ नये.

ऑपरेशननंतर भुकेली हाडं कॅल्शिअम ओढून घेतात. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लिहून दिलेली कॅल्शिअमची गोळी लगेच घ्या. हात आखडले किंवा मुंग्या थांबल्या नाहीत तर त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि सहा महिन्यांनी कॅल्शिअम पुन्हा तपासा, बरं झालं की नाही ते तेव्हाच ठरतं.