हळदीतलं करक्युमिन जठराच्या कर्करोगपेशी कशा मारतं

जपानमध्ये हळदीला उकोन म्हणतात. दारू पिण्याआधी घ्यायच्या उकोनच्या छोट्या बाटल्या इथे कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. नागपूरकडून मात्र वेगळाच प्रश्न येतो: हळदीने पोटाचा कॅन्सर मरतो म्हणे, खरं का? प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या पेशी मरतात, हे अगदी खरं.

त्यासाठी बहुधा एजीएस पेशी घेतात. मूळच्या माणसाच्या जठरातल्या गाठीतल्या. 96 खणांच्या प्लेटमध्ये दर खणात सुमारे 5,000 पेशी सोडून रात्रभर तळाला चिकटू द्यायच्या. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून ते डीएमएसओ या द्रावकात कालवायचं: 1 मिलिलिटरला 7.4 मिलिग्रॅम. यातला 1 मायक्रोलिटर 1 मिलिलिटर मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, गेला की करक्युमिनचं प्रमाण 20 मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ 0.1 टक्क्यावर राहतं. ते वाढलं तर पेशींना त्याचाच त्रास होतो. म्हणून नुसतं डीएमएसओ घातलेले खण वेगळे ठेवावेच लागतात.

मात्रा पुरेशी असेल तर एक-दोन दिवसांत पसरट पेशी आक्रसून गोल होतात, कडांना बुडबुड्यांसारखे फुगवटे येतात आणि त्या तळ सोडून तरंगू लागतात. आत बीसीएल-2 हे राखणदार प्रथिन घटतं, बॅक्स हे मारक प्रथिन वरचढ होतं. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पडून सायटोक्रोम-सी हे प्रथिन गळतं. त्याने कॅस्पेस-9 हे प्रथिनं कापणारं एन्झाइम जागं होतं, ते कॅस्पेस-3 ला जागं करतं, आणि मग पेशीतली प्रथिनं कापली जाऊ लागतात. पेशी फुटत नाही. स्वतःचे तुकडे करून शिस्तीत संपते.

चुका होतात त्या करक्युमिनच्या पिवळ्या रंगामुळे. पेशी मोजायच्या एमटीटी चाचणीत उरलेलं करक्युमिन ढवळाढवळ करतं. चाचणीआधी खण धुवा. ते हिरवं चमकतंही, म्हणून मरणाऱ्या पेशी ओळखायला हिरव्या रंगाचं अ‍ॅनेक्सिन वापरलं तर जिवंत पेशीही मेल्यासारख्या दिसतात. रंग दुसरा घ्या. सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसलेल्या 37 अंशांच्या बफरमध्ये, पीएच 7.2 ला, ते अर्ध्या तासात 90 टक्के विघटित होतं. सीरम असेल तर कितीतरी जास्त टिकतं. द्रावण ताजं बनवा, नळी फॉइलमध्ये गुंडाळा.

आता माणसाचं. तैवानमधल्या 2001 च्या चाचणीत रोज 8 ग्रॅम करक्युमिन देऊनही रक्तातली पातळी सरासरी 2 मायक्रोमोलरच्या आतच राहिली. प्लेटमध्ये 20 घातलं होतं. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या साध्या हळदीत साधारण 3 टक्के करक्युमिन धरलं, तर 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद फाकावी लागेल. आपल्या वर्ध्याची भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद जास्त करक्युमिनसाठी नावाजलेली आहे, पण तिनेही ही दरी भरत नाही.

हळद भाजीत खुशाल घाला. केमो सुरू असताना करक्युमिनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, आणि आधीपासून चालू असतील तर डबी घेऊनच त्यांच्याकडे जा.