आग्र्यात खोली मिळवताना

आग्रा पाहायला आम्ही नवराबायको कोणत्याही सहल कंपनीशिवाय गेलो आणि ते उत्तम झाले, हे आधीच सांगतो. चीड आहे ती एका लॉजच्या काउंटरपुढे वाया गेलेल्या वेळेची. नागपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आग्रा कँटला थांबतात, त्यामुळे प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

खोलीचे पैसे मोबाइलवरून आगाऊ भरलेले होते. काउंटरवरच्या माणसाने दोघांची आधार कार्डे घेतली, माझे रजिस्टरमध्ये उतरवले आणि सौ.चे हातात धरून तो थांबला, कारण तिच्या आधारवर अजून माहेरचेच नाव आहे. आमच्या गावात कितीतरी सुनांचे असेच आहे. शाळेचा दाखला, बँकेचे खाते सगळे जुन्याच नावावर असल्याने त्या बदलाच्या भानगडीत कोणी पडत नाही. "सरनेम अलग है, शादी का प्रूफ दिखाइए," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दोघांची ओळखपत्रे नोंदवून घेणे समजू शकते, पण खोली विवाहितांनाच द्यावी असा कोणताही कायदा नाही, हे मी शांतपणे सांगितले, तर त्याने मालकाच्या नियमांची भिंतीवरची पाटी दाखवली. पैसे परत मागितले, तर ते ॲपवाल्यांकडे मागा म्हणाला. गळ्यात मंगळसूत्र, पायांत जोडवी आणि मांडीवर भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या बाईकडे लग्नाचा पुरावा मागावा, याचा राग मला आजही आवरत नाही.

विवाह नोंदणीचा दाखला घरी कपाटात होता, पण धाकटा भाऊ कापूस वेचायला आलेल्या बायांसोबत शेतात, आणि तिथे रेंज नसते. दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा कुठे फोटो आला, आणि त्या माणसाने त्यावरचा शिक्का तेवढा पाहून, एक अक्षरही न वाचता, किल्ली पुढे सरकवली.

म्हणून, जोडीने जाणाऱ्यांनी ग्रामसेवकाकडून मिळणारा 'नमुना ई', म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, मोबाइलमध्ये ठेवावा आणि पैसे भरण्यापूर्वी लॉजला फोन करून वेगळ्या आडनावाचे स्पष्ट विचारून घ्यावे. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणून तो दिवस आम्ही फत्तेपूर सिक्री आणि किल्ल्यासाठी ठेवला होता. सिक्री राहिली ती राहिलीच. किल्ला मात्र सोडला नाही. १६६६ मध्ये शिवाजी महाराज औरंगजेबाच्या ज्या दरबारात उभे राहिले तो याच किल्ल्यातला, आणि अमरसिंह दरवाजासमोर महाराजांचा पुतळा आहे, तिथे मराठी माणसाचे पाय आपसूक थांबतात.

ताजला सकाळी दार उघडतानाच जावे. तपासणीसाठी पुरुष आणि स्त्रियांच्या रांगा वेगळ्या असतात, तेव्हा दोघांची तिकिटे एकाच फोनमध्ये ठेवू नयेत. मुमताज १६३१ मध्ये वारली ती आपल्या बुलढाणा-अमरावतीला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात आणि पहिल्यांदा तिला पुरले तेही तिथेच, हे सौ.ला ठाऊक होते. शेजारचा गाइड भलतेच काही सांगत होता. थंडीत तिकडे दाट धुके पडते, गाडी उशिरा पोचेल हे धरूनच बेत आखावा. आणि तंबाखू आत नेऊ देत नाहीत, तेव्हा खर्ऱ्याची पुडी खिशातून आधीच काढून ठेवावी, नाहीतर रांग नव्याने धरावी लागेल.