भांगाला सनस्क्रीन, केसांना कापड

त्वचा उन्हाने भाजली तर काही दिवसांत भरून येते. केसाला ती सोय नाही, कारण टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाच्या टोकाने अडीच वर्षांचं ऊन खाल्लेलं असतं. मुळाजवळ मऊ आणि शेवटी केरसुणी, हे त्यामुळेच. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं सरकवून बघा. जिथून खरखर लागायला सुरुवात होते, तिथून पुढची खवल्यांसारखी वरची साल झिजलेली असते.

या सालीवर स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ थर असतो. उन्हाने तो जातो, मग केस हवेतला ओलावा भराभर शोषतो आणि पिंजारतो. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी मुख्यतः केसातल्या केराटीन या प्रथिनाचे बंध तोडते, तर यूव्हीए रंग उडवते. केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य बरीचशी किरणं स्वतःवर घेऊन प्रथिनाला वाचवतं, पण त्या भरात स्वतःच फिकं पडतं. काळे केस उन्हात तांबूस होतात ते असे. पांढऱ्या केसांत मेलॅनिनच नसतं, त्यामुळे ते पिवळट पडतात आणि लवकर राठही होतात. रंगवलेल्या केसांत लाल छटा सगळ्यांत आधी उतरते.

उपायांत पहिला मान कापडाचा, बाटल्यांचा नंतर. स्कार्फ उजेडासमोर ताणून धरा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर किरणंही तिथूनच आत जाणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड चांगलं. पातळ सुती कापड ओलं झालं की त्यातून किरणं जास्त जातात, म्हणून घामाने भिजलेला स्कार्फ बदलावा. लेबलवर यूपीएफ (कापड अतिनील किरणं किती अडवतं त्याचा आकडा) ५० लिहिलेलं असेल तर त्या कापडातून फार तर २ टक्के किरणं आत येतात. टोपी घ्यायचीच तर चहूबाजूंनी ७-८ सेंटिमीटर काठ असलेली घ्या. पुढे चोच असलेली टोपी केसांच्या दृष्टीने जवळजवळ शोभेचीच, कारण लांब केसांची टोकं उघडीच राहतात. वेणी किंवा अंबाडा घातला तर बाहेरचे केस आतल्यांवर सावली धरतात. टोकं आत दुमडायला विसरू नका. सुती कापडाने केस घासून गुंतत असतील तर आतून सॅटिनचं अस्तर लावा.

ओले केस मात्र झाकून घट्ट बांधू नका. ओला केस फुगलेला असतो आणि ताणला की तुटतो. ते वाळवायला उन्हात बसणंही चूक. ऊन आणि ओलावा एकत्र आले की केसाची नासाडी जास्त होते. सावलीत, वाऱ्यावर वाळवा.

भांग ही उघडी त्वचा आहे. तिथे किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवं. दाट क्रीम केसांना चिकटून तेलकट पट्टा उमटवतं, त्यापेक्षा जेल बरं. भांगावर बोटभर अंतराने मोहरीएवढे ठिपके द्या आणि बोटाच्या टोकाने भांगाच्या रेषेतच पसरवा. कानांचे वरचे काठ आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते. बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. विरळ केस असतील तर स्प्रे सोपा पडतो, पण तोही बोटाने पसरवावा लागतो, नुसता भुरभुरून भागत नाही.

केसांच्या उत्पादनावर छापलेल्या एसपीएफला फार भुलू नका. तो आकडा त्वचा लाल व्हायला किती वेळ लागतो त्यावरून काढतात, आणि केस काही लाल होत नाही. यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरणं अडवणारा घटक, असलेलं लीव्ह-इन (लावून न धुण्याचं) कंडिशनर घेतलं तर ते मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत लावा. शाम्पूतला फिल्टर बहुतेक पाण्याबरोबरच वाहून जातो.

खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनाची झीज कमी करतं, म्हणून ते धुण्याआधी लावावं. उन्हापासूनचं कवच म्हणून त्याच्यावर विसंबू नका. लिंबाचा रस लावून उन्हात बसणं तर नकोच: केसांचा रंग उडतो, साल खरवडते आणि रस त्वचेवर ओघळला तर चट्टे उठू शकतात.

पोहायचं असेल तर आधी साध्या पाण्याने केस निथळेपर्यंत भिजवा. भिजलेला केस क्लोरीनचं किंवा खारं पाणी कमी शोषतो. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा धुवा, क्लोरीन अंगावर घेऊन उन्हात पडून राहू नका.

फाटे फुटलेलं टोक कशानेही जुळत नाही. सिलिकोनचं सीरम ते दोन-चार धुण्यांपुरतं चिकटवून ठेवतं, इतकंच. फाटा वर चढत जातो, म्हणून तो जिथे संपतो त्याच्या सेंटिमीटरभर वर कापा, आणि कात्री धारदार असू द्या. बोथट कात्री केस चेंगरते आणि तिथेच नवा फाटा सुरू होतो.