साडेपाचची मीटिंग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मूल झालं की आमची चांगली माणसं सोडून जातात, रजा किती वाढवू?" मनुष्यबळ विभागात इतकी वर्षं काढल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो.

रजा द्याच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात प्रसूतीसाठी किमान १४ आठवडे म्हटलेत. त्याहून कमी देत असाल तर आधी ते बघा. पण रजेवर असताना राजीनामा देणारं मी क्वचितच पाहिलं. राजीनामे येतात परत आल्यावर, सहा-आठ महिन्यांनी. फॉर्मवर कारण 'वैयक्तिक'. दार लावून बसलं की खरं कळतं: मीटिंग साडेपाचला आणि पाळणाघर सहाला बंद. एकजण मला म्हणाली होती, "काम जमत नव्हतं असं नाही हो, रोज माफी मागत उठणं जमेना." ती गेली. तिची जागा भरायला पाच महिने लागले. मीटिंग मात्र साडेपाचलाच राहिली!

२०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन अशा नोकऱ्यांना 'लोभी' म्हणतात. केव्हाही हाक मारा, हजर, अशा माणसाला तिथे तासांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. त्यांनीच अभ्यासलेलं उलट उदाहरण अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचं. रुग्णांच्या नोंदी संगणकावर आल्या, एकाचं काम दुसरा सहज पुढे नेऊ लागला आणि कमी तास काम करणाऱ्याचा तासाचा दर फारसा पडेनासा झाला. म्हणून मी रजेच्या आधी विचारते, प्रत्येक काम दोघांना येतं का? मुलाला ताप आला म्हणून एकजण घरी राहिला तर फाइल उघडणार कोण?

आणि वडील? नॉर्वेनं १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखले. घेतले नाहीत तर बुडाले. तोवर मोजकेच वडील रजा घेत, काही वर्षांतच बहुतेक घेऊ लागले. 'कोणीही घ्या' म्हटलं की ती आईच घेते, हे आमच्याकडेही दिसलं. मग एका विभागप्रमुखानं स्वतः महिनाभर रजा घेतली. त्या वर्षात त्याच्या हाताखालच्या तिघांचे अर्ज आले. तोवर ते धोरण चार वर्षं तसंच पडून होतं. मीच लिहिलेलं.